सोळा वर्षांनी पुन्हा टेबलापाशी

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात मायनर्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. जो बाल्सिस तिथला. 1921 साली जन्मलेला हा मुलगा लहान वयातच पूलच्या टेबलावर मोठ्यांना थक्क करत होता. पुढे युद्ध आलं, संसार आला, मांसविक्रीचा धंदा आला आणि 1948च्या सुमारास त्यानं स्पर्धा सोडल्या. नंतरची सोळा वर्षं स्पर्धांच्या जगात त्याचं नाव नव्हतं. 1964 साली, चाळिशी ओलांडल्यावर, तो परतला. 1965 साली जागतिक विजेता झाला, 1968 साली त्यानं यूएस ओपन जिंकली आणि 1974 साली पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या यूएस ओपनच्या वेळी तो पन्नाशीच्या पुढे गेलेला होता. पूलच्या इतिहासात तो आजही 'द मीटमन' या टोपणनावानं ओळखला जातो.

सोळा वर्षं बाहेर राहून परत अव्वल दर्जाला पोहोचणं धावण्यात, पोहण्यात किंवा टेनिसमध्ये जवळपास अशक्य आहे. पूलमध्ये ते घडतं. रोज लाखो लोक हौसेनं खेळतात त्या पातळीवर तर ते सतत घडत असतं. कॉलेजात असताना तासन्‌तास टेबलापाशी घालवलेला माणूस नोकरी, मुलं, गृहकर्ज यांत वीस-तीस वर्षं क्यूला हात लावत नाही. मुलं मोठी होतात, संध्याकाळी पुन्हा मोकळ्या होतात, आणि तो एखाद्या लीगमध्ये नाव नोंदवतो. अशा माणसाच्या हातात नेमकं काय उरलेलं असतं, काय गेलेलं असतं आणि गेलेल्यातलं काय परत मिळवता येतं, ते या प्रकरणात पाहू.

बाल्सिसच्या परतण्याला काळाचीही साथ होती. युद्धानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या पूलला उतरती कळा लागली होती. 1961 साली 'द हसलर' हा चित्रपट आला, पॉल न्यूमननं त्यात 'फास्ट एडी' रंगवला आणि बंद पडत चाललेली पूलरूम्स पुन्हा भरू लागली. नवीन स्पर्धा सुरू झाल्या आणि जुन्या खेळाडूंना परतायला जागा मिळाली. 1966 साली शिकागोत झालेल्या पहिल्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात बाल्सिससमोर अर्विंग क्रेन होता. क्रेनचं वय 52, व्यवसाय कॅडिलॅक मोटारींची विक्री. खेळ होता स्ट्रेट पूल. त्यात प्रत्येक बॉल एका गुणाचा, आधी सांगून पॉकेटात घालायचा, चौदा बॉल संपले की ते पुन्हा रचायचे आणि पंधराव्याच्या आधारानं रचना फोडून पुढे चालायचं. सामना 150 गुणांचा होता. टेबल हाती आल्यावर क्रेननं एकही चूक न करता सलग 150 बॉल घातले आणि सामना संपवला. एका बावन्न वर्षांच्या मोटारविक्रेत्यानं चाळिशीपलीकडच्या मांसविक्रेत्याला हरवलं, आणि तेही देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत. या सामन्याबद्दल वाचताना मला दरवेळी वाटतं, वय आणि खेळ यांच्याबद्दल आपण फार घाईनं निकाल देतो.

स्त्रियांच्या बाजूनंही असंच उदाहरण आहे. 1967 साली यूएस ओपनमध्ये महिला गट सुरू झाला, तेव्हा डोरोथी वाइज पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्यांच्या उमेदीच्या काळात बायकांसाठी अशी स्पर्धाच नव्हती. संधी आली तेव्हा त्यांनी ती स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली. 1972 साली त्यांची मालिका संपली आणि विजेतेपद ब्रुकलिनच्या तेरा वर्षांच्या जीन बालुकासकडे गेलं. पुढे बालुकासनं जवळपास सगळं जिंकलं आणि तिशीच्या आतच, 1988 साली, स्पर्धात्मक खेळ कायमचा सोडला. एकीचा खेळ पन्नाशीनंतर बहरला, दुसरीनं तो तिशीच्या आतच ठेवून दिला.

असं उशिरा परतणं किंवा बहरणं शक्य होतं याचं पहिलं कारण साधं आहे. पूलमधला बॉल थांबलेला असतो. समोरून ताशी दीडशे किलोमीटर वेगानं काही येत नाही, त्यामुळे वयाबरोबर मंदावणारी प्रतिक्रियेची गती इथे आडवी येत नाही. स्नायूंची ताकद लागते ती फक्त ब्रेकच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीला रचना फोडणाऱ्या, फटक्याला. बाकी सगळा खेळ कोपरापासून लोंबणाऱ्या हाताच्या लोलकासारख्या हालचालीवर चालतो, आणि ती हालचाल मेंदू सहजासहजी विसरत नाही.

मेंदूच्या या चिवटपणाचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा टेबलापासून फार दूर सापडला. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा अभ्यास करत होत्या. फेफरं थांबवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूचा असा भाग काढला गेला होता की त्यानंतर त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. मिल्नरनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हाताला अगदी उलटं वाटणारं ते काम तो दिवसागणिक सफाईनं करू लागला, आणि तरी दरवेळी त्याला वाटे की आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. 'काय घडलं' याची आठवण आणि 'कसं करायचं' याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहते, हे त्यातून पुढे आलं. लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रं यांच्या आधारानं साठवलेलं कौशल्य वर्षानुवर्षं न वापरता टिकतं. म्हणून वीस वर्षांनी क्यू हातात घेतलेल्या माणसाचा ब्रिज, म्हणजे टेबलावर टेकलेला आणि क्यूला आधार देणारा पंजा, आपोआप जुन्या आकारात बसतो. क्यू मागे नेताना कोपर जिथे थांबायचं तिथेच थांबतं. एखाद्या संध्याकाळी तीन-चार अवघड बॉल पॉकेटात पडतात आणि मन हरखून जातं.

दुसऱ्या आठवड्यात मन खट्टू व्हायला लागतं. परतणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा अनुभव असाच असतो, आणि त्याचं खापर बहुतेक जण वयावर फोडतात. माझ्या मते पहिल्या काही महिन्यांतला बराचसा त्रास वयाचा नसतोच. हाताला फटका नीट आठवत असतो, पण तो जुन्या टेबलावरचा, जुन्या कापडावरचा, जुन्या क्यूचा फटका असतो. आठवण शाबूत असते आणि तिच्याभोवतीच्या वस्तू बदललेल्या असतात.

कापडाचंच घ्या. साठ-सत्तरच्या दशकांत सर्वसाधारण पूलरूममधल्या टेबलावर लव असलेलं जाड लोकरी कापड असे. त्यावर बॉल लवकर थांबत, म्हणून लांबच्या जागी पोहोचायला क्यूला चांगला रेटा द्यावा लागे. आज बहुतेक चांगल्या टेबलांवर लव नसलेलं, घट्ट विणीचं, गुळगुळीत कापड असतं. 1680 सालापासून कापड विणणाऱ्या बेल्जियमच्या सिमोनिस कंपनीचा माल स्पर्धांमध्ये सर्रास दिसतो. त्यावर तोच जुना रेटा दिला की पांढरा बॉल हव्या त्या जागी न थांबता आणखी एक-दोन कुशन घेऊन भलतीकडे जातो. नेम बरोबर असतो, बॉल पडतोही, पण पुढच्या फटक्यासाठी पांढरा बॉल चुकीच्या जागी उभा असतो. पूल म्हणजे मुख्यतः पांढऱ्या बॉलची जागा राखण्याचा खेळ. ती जागा गेली की तीन फटक्यांत डाव हातचा जातो आणि माणसाला वाटतं, आपला नेम गेला. अशा वेळी जोर कमी करण्याचा सराव करायचा असतो. टेबलाच्या एका टोकाकडून मारलेला पांढरा बॉल पलीकडच्या कुशनला लागून परत यावा आणि आपल्या बाजूच्या कुशनपाशी अलगद थांबावा, हा जुना सराव रोज दहा मिनिटं केला तरी महिनाभरात हाताला नवा वेग समजतो.

क्यूतला बदल याहून फसवा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून डावी-उजवीकडे मारलं की त्याला फिरकी, म्हणजे साइड मिळते. पण त्याच वेळी बॉल क्यूच्या रेषेतून किंचित विरुद्ध बाजूला सरकतो. उजवीकडे मारलं तर तो थोडा डावीकडे जातो. हे सरकणं किती, हे क्यूच्या पुढच्या टोकाच्या वजनावर अवलंबून असतं. टोक जितकं जड, तितका बॉल जास्त बाजूला ढकलला जातो. जुन्या मेपल लाकडाच्या शाफ्टनं, म्हणजे क्यूच्या पुढच्या अर्ध्या भागानं, खेळून तयार झालेला माणूस हे सरकणं न कळत नेमात धरतो. विचारलं तर तो सांगेल की मी सरळ मारतो, पण त्याचा क्यू नकळत किंचित तिरपा लागलेला असतो. 1990च्या दशकात प्रेडेटर कंपनीनं टोकाचं वजन कमी केलेले शाफ्ट बाजारात आणले आणि गेल्या दहाएक वर्षांत कार्बन फायबरचे शाफ्ट पसरले. या शाफ्टांनी बॉल कमी सरकतो, म्हणून शिकणाऱ्याचं काम सोपं होतं. परतणाऱ्याचं मात्र अवघड होतं, कारण त्याचा हात आता गरज नसलेली दुरुस्ती करत राहतो. दीड मीटरवरच्या बॉलकडे मारताना दिशेत दोन अंशांचा फरक पडला तर तिथे पोहोचेपर्यंत तो पाच सेंटिमीटरांहून जास्त होतो. पूलच्या बॉलचा व्यासच 5.7 सेंटिमीटर. एक अंशाची चूक झाली तरी लांबचा बॉल पॉकेटाच्या ओठाला लागून बाहेर येणार.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. एक, माळ्यावर ठेवलेला जुना क्यू उतरवायचा, त्याची टीप बदलून घ्यायची, शाफ्ट सरळ आहे ना ते टेबलावर लोळवून पाहायचं आणि त्यानंच खेळायचं. दुसरा, नवा शाफ्ट घ्यायचा आणि काही महिने साइडचे फटके कटाक्षानं टाळून पांढऱ्या बॉलच्या मध्यरेषेवरच मारायचं, म्हणजे जुनी दुरुस्ती हातातून हळूहळू सुटते. आज हा क्यू, उद्या तो, असं करणाऱ्याचे हाल होतात. तो कुठल्याच क्यूची भाषा धड शिकत नाही.

नियमही बदलले आहेत. बाल्सिसच्या काळात मोठेपणाची कसोटी स्ट्रेट पूल होती. 1976 साली व्हर्जिनियात यूएस ओपन नाइन बॉल सुरू झाली, नाइन बॉलचे झटपट सामने दूरचित्रवाणीला सोयीचे ठरले आणि स्पर्धा त्या दिशेनं वळल्या. 1990 साली नाइन बॉलची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा स्ट्रेट पूल बाजूला पडलेलंच होतं. नाइन बॉलच्या जुन्या नियमांत पहिल्या फाउलची मोठी किंमत नसे. आता एका फाउलनंतर प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हातात मिळतो आणि तो टेबलावर कुठेही ठेवता येतो. चांगल्या खेळाडूच्या बाबतीत याचा अर्थ डाव संपला. 1980 साली धाडस म्हणून मारलेला फटका आज आत्मघात ठरू शकतो. उलट सेफ्टीला, म्हणजे बॉल घालण्याऐवजी समोरच्याची वाट अडवून ठेवण्याला, सोन्याची किंमत आली आहे. इथेच वाढत्या वयाला अनपेक्षित फायदा मिळतो. विशीतला मुलगा प्रत्येक बॉल घालायला धावतो. पन्नाशीतल्या माणसाला नाही म्हणता येतं, आणि ते शिकवायला कुठल्या प्रशिक्षकाची गरज लागत नाही.

आता जे खरोखर वयाचं आहे त्याकडे येऊ. सर्वांत आधी डोळे.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. पूल खेळताना नजर तीन अंतरांवर फिरते: क्यूची टीप आणि पांढरा बॉल हातभर अंतरावर, ज्याला मारायचं तो बॉल एक-दोन मीटरवर आणि पॉकेट त्याच्याही पलीकडे. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो, त्यातून लांबचा बॉल धूसर दिसतो. प्रोग्रेसिव्ह भिंगांचा घोळ आणखी मोठा आहे. त्यांत लांबचं दिसायचा भाग वर आणि जवळचं दिसायचा भाग खाली असतो, आणि दोघांच्या मधल्या अरुंद पट्ट्याच्या बाजूंना रेषा वाकड्या दिसतात. क्यूवर वाकलेल्या माणसाचं डोकं खाली आणि नजर वर असते, म्हणजे तो भिंगाच्या वरच्या काठातून, कित्येकदा फ्रेमच्या कडेतूनच पाहत असतो. अशा चष्म्यातून सरळ रेषा ओळखायची म्हणजे वाकडी फूटपट्टी धरून रेघ मारण्यासारखं आहे.

स्नूकरवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. इंग्लंडचा फ्रेड डेव्हिस आठ वेळा स्नूकरचा जगज्जेता होता. भिंगं तिरपी करता येतील असा चष्मा लावून तो खेळे. 1980 साली, 66व्या वर्षी, त्यानं व्यावसायिक बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि 1984 साली, सत्तरी ओलांडल्यावर, स्नूकरच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत पात्रता मिळवून खेळला. 1985 साली मध्यरात्रीनंतर संपलेल्या ज्या अंतिम सामन्यात डेनिस टेलरनं स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या काळ्या बॉलवर हरवलं, त्यात टेलरच्या नाकावरचा उलटा वाटणारा मोठा चष्मा सगळ्या जगानं पाहिला. तो जॅक कार्नेम या बिलियर्ड्सपटूनं बनवला होता. त्याची भिंगं कपाळापर्यंत चढलेली होती, म्हणजे वाकल्यावर नजर भिंगाच्या मधोमध येई. आजही तेच करायचं आहे: एकाच नंबरची मोठी भिंगं, नेहमीपेक्षा उंच बसणारी फ्रेम आणि नंबर काढताना डॉक्टरांना अंतर मोजून सांगणं. दीड-दोन मीटरवरचा बॉल लख्ख दिसला पाहिजे, टीप थोडी धूसर दिसली तरी चालते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणार असेल तर कुठल्या अंतरासाठीचं भिंग बसवायचं हे ठरवण्याआधीच आपण पूल खेळतो हे सांगून ठेवावं. 1986 साली आलेल्या 'द कलर ऑफ मनी'त पंचवीस वर्षांनी परतलेला फास्ट एडी एका पोरसवद्या खेळाडूकडून फसतो, हरतो आणि मग जाऊन डोळे तपासून घेतो. चित्रपटातला तो प्रसंग वैद्यकीयदृष्ट्या अगदी खरा आहे.

डोळ्यांनंतर मान आणि कंबर. हनुवटी क्यूला टेकवून खेळायची पद्धत स्नूकरमधून पूलमध्ये पसरली. त्यात मान मागे मोडून तासन्‌तास धरावी लागते आणि साठीच्या मानेला ते जड जातं. पण स्ट्रेट पूलचे जुने उस्ताद बरेच ताठ उभे राहत. विली मॉस्कोनीनं 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये सलग 526 बॉल घातले, तेही हनुवटी क्यूला न टेकवता. त्याचा विक्रम पासष्ट वर्षं टिकला. 2019 साली जॉन श्मिटनं 626 बॉल घालून तो मोडला, तेव्हा श्मिट स्वतः चाळिशीच्या उत्तरार्धात होता. थोडं उंच उभं राहिलं तर लांबच्या फटक्याचा नेम जरासा कमी होतो, पण पाचव्या तासालाही उभं राहता येतं. स्पर्धा खेळणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

हाताच्या कंपनाबद्दल बोलताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात नियम आणि प्रकृती दोन्ही गुंतलेले आहेत. वयाबरोबर अनेकांच्या हाताला बारीक कंप सुटतो. तो कमी करणारी बीटा-ब्लॉकर नावाची औषधं रक्तदाब आणि हृदयविकारासाठीही सर्रास दिली जातात. ती हृदयाचे ठोके संथ करतात, हात स्थिर करतात, आणि म्हणूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं बिलियर्ड्स कुळातल्या सगळ्या खेळांत स्पर्धेच्या काळात त्यांच्यावर बंदी घातली आहे. गल्लीतल्या लीगमध्ये कोणी तपासणी करत नाही. पण तपासणी असलेल्या राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ स्पर्धेत उतरायचं असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करावा लागतो. स्पर्धेसाठी म्हणून हे औषध स्वतःच्या मनानं अचानक बंद करणं हृदयासाठी धोक्याचं असतं. कुठल्याही चषकापेक्षा हे महत्त्वाचं आहे. डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवावं.

शरीराचं इतकं झाल्यावर मनाकडे वळू, कारण परतणारे खेळाडू सामने हरतात ते बहुतेक तिथेच. घरच्या सरावात पडणारे बॉल स्पर्धेत पडत नाहीत ही तक्रार सगळ्यांचीच असते. 1992 साली रिचर्ड मास्टर्स यांनी गोल्फमधल्या पटिंगवर एक प्रयोग केला. एका गटाला नियम सांगून शिकवलं, दुसऱ्याचं लक्ष दुसऱ्या कामात गुंतवून ठेवून त्यांना न कळत शिकू दिलं. पैशांचं आमिष आणि परीक्षकाची नजर यांचं दडपण आल्यावर नियम पाठ असलेल्यांचं कौशल्य डळमळलं. दडपणाखाली माणूस हाताचं काम डोक्याच्या ताब्यात घेतो: कोपर कुठे आहे, पकड घट्ट आहे का, क्यू सरळ जातोय ना. वर्षानुवर्षं आपोआप चाललेली हालचाल तुकड्यातुकड्यांत तपासली जाते आणि बिघडते. परतणाऱ्याला हा धोका जास्त असतो. त्यानं मधल्या काळात शंभर व्हिडिओ पाहिलेले असतात, त्याच्या डोक्यात पन्नास सूचना असतात आणि त्या सगळ्या शेवटच्या बॉलवर एकदम जाग्या होतात.

यावरचा उपाय नजरेतून जातो. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन व्हिकर्स यांनी नेम धरणाऱ्या खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. हालचाल सुरू होण्याआधीची शेवटची नजर निष्णात खेळाडूंमध्ये जास्त वेळ एका जागी स्थिर राहते, असं त्यांना दिसलं. बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासातही हेच आढळलं. नवखा माणूस पांढरा बॉल, रंगीत बॉल, पॉकेट अशी नजर फिरवतच फटका मारतो. म्हणून विचार काय तो उभं असतानाच करायचा: कुठला बॉल, किती जोर, पांढरा बॉल कुठे थांबवायचा. एकदा वाकलं की नजर रंगीत बॉलवर खिळवायची, क्षणभर थांबायचं आणि मारायचं. वाकल्यावर मनात शंका आली तर उठून पुन्हा सुरुवात करायची. तरुणपणी हे उठणं कमीपणाचं वाटतं. परतलेल्या खेळाडूनं सर्वांत आधी हीच सवय लावून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगेन.

आपल्याकडच्या वाचकाला या सगळ्यात एक जवळची बाजू आहे. महाराष्ट्रात क्यूचा खेळ आला तो जिमखान्यांमधून, बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या रूपात. भारताला कुठल्याही खेळातलं पहिलं वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद 1958 साली मिळवून देणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. त्यांनी दुसऱ्यांदा ते पद मिळवलं 1964 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. मुंबईचे मायकल फरेरा यांनी तिसरं हौशी जागतिक विजेतेपद 1983 साली पटकावलं तेव्हा तेही चाळिशीच्या मध्यावर होते. त्या परंपरेत खेळलेला कोणी नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला आणि तिथे पूलच्या लीगमध्ये शिरला, तर त्याचा फटका सहसा स्वच्छ असतो, कारण बारा फुटांच्या टेबलावर आणि 5.25 सेंटिमीटरच्या बॉलवर तयार झालेल्या हाताला नऊ फुटांचं टेबल ऐसपैस वाटतं. त्याला अडचण येते ती ब्रेकची, जड बॉलची आणि एका फाउलनं डाव जाण्याची.

कुठे परतायचं, हा प्रश्न कसं परतायचं याइतकाच मोठा आहे. 1979 साली टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली लीग पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. तिथे प्रत्येकाला कौशल्याची पायरी दिली जाते आणि दुबळ्या खेळाडूला सामना जिंकायला कमी डाव लागतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, पाच जणांचा संघ, बारमधली सात फुटांची टेबलं. परतणाऱ्याला लोकांसमोर खेळायची सवय व्हायला याहून चांगली जागा नाही. जास्त गंभीरपणे खेळणाऱ्यांसाठी फार्गो रेटिंग आहे. त्याचं गणित स्वच्छ आहे: दोघांच्या गुणांत शंभराचा फरक असेल तर वरचा खेळाडू सरासरीनं दोन डाव जिंकतो तेव्हा खालचा एक. जगातले अव्वल खेळाडू आठशेच्या वर असतात. तीस वर्षांपूर्वी गावात आपल्याला कोणी हरवत नसे, ही आठवण सोबत घेऊन आलेल्या माणसाला हा आकडा सुरुवातीला बोचतो. पण तो आकडा स्वीकारला की आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी मिळतात, आणि तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळल्याशिवाय कोणीच सुधारत नाही.

माझा कल मात्र वन पॉकेटकडे आहे. या प्रकारात दोघांना एकेक कोपऱ्याचं पॉकेट वाटून दिलेलं असतं आणि आठ बॉल आपापल्या पॉकेटात घालायचे असतात. बॉल घालण्यापेक्षा बॉल हलवणं, अडवणं, वाट पाहणं यावर सामना चालतो. एकेक डाव तासभर रंगू शकतो. केंटकीच्या लुईव्हिल परिसरात 1999 साली सुरू झालेल्या डर्बी सिटी क्लासिकमध्ये नाइन बॉल आणि बँक पूलसोबत वन पॉकेटलाही मानाचं स्थान आहे. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं इथे वर्षानुवर्षं लोकांना खुर्चीला खिळवून ठेवलं. 2005 साली ऑर्लँडोत झालेल्या एका मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत 51 वर्षांच्या रेयेसनं माइक सिगलला हरवलं. सिगल 52 वर्षांचा, ऐंशीच्या दशकातला बिनतोड खेळाडू, कित्येक वर्षांनी स्पर्धेत परतलेला. दोघांच्या वयात वर्षाचा फरक होता, पण रेयेस मधल्या सगळ्या वर्षांत रोज खेळत राहिला होता. 2023 साली, 68व्या वर्षी, तो कंबोडियातल्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडा स्पर्धांत फिलिपिन्सच्या संघातून कॅरम बिलियर्ड्स खेळायला उतरला.

परतणाऱ्यानं पहिली स्पर्धा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तिथे दोन पराभवांनंतरच बाद होण्याची पद्धत असावी, म्हणजे घाबरून पहिला सामना गेला तरी दुसरा नक्की मिळतो. दुसरी, टेबलं कुठल्या मापाची आणि पॉकेटं किती रुंद आहेत याची आधी चौकशी करावी. ब्रन्सविकच्या जुन्या गोल्ड क्राउन टेबलांवर पाच इंचांच्या आसपासची पॉकेटं असत. आता स्पर्धांमध्ये साडेचार इंचांची किंवा त्याहून अरुंद पॉकेटं दिसतात, आणि तिथे कुशनला घासत जाणारा जोरकस बॉल आत जात नाही. स्पर्धेआधीचे दोन आठवडे शक्य तर त्याच मापाच्या टेबलावर, कमी जोरानं, मध्यरेषेवर खेळावं. शेवटच्या दिवशी सराव थोडाच करावा, कारण शनिवारी सकाळी दहाला सुरू झालेली स्पर्धा रात्री अकरापर्यंत चालते आणि त्यातले निम्म्याहून जास्त तास खुर्चीत बसून पुढच्या पुकाऱ्याची वाट पाहण्यात जातात.